तुटक रेघ

५ जानेवारी

आजपासून लिहिते आहे, कारण बोलून बोलून घसा बसला. घरात ऐकणारं कोणी नाही. हे ऐकतात, पण भिंत ऐकते तसे. जाऊ मान हलवते, पण ती माझ्या बोलण्यावर हलते की आपल्याच मनातल्या कशावर, देव जाणे. वही तरी ऐकेल. नाही ऐकलं तर फाडून भट्टीत घालीन.

नगर कार्यालयाचं पत्र आलं. गल्लीत भट्टी चालणार नाही, धूर होतो, उन्हाळा संपायच्या आत हलवा, नाहीतर कुलूप. इतकी वर्षं हा धूर कोणाला दिसला नाही. आता समोर मजले चढले आणि त्यांच्या गॅलऱ्या काळ्या व्हायला लागल्या, तर लगेच दिसला. गावाबाहेर जागा देतायत. पण आधी आराखडा मागतात. कारखाना कसा असणार, आत काय जाणार, बाहेर काय पडणार, ते कागदावर दाखवा म्हणे. मी साहेबाला म्हटलं, "अहो, गवती चहाचं तेल काढते मी, बाँब नाही बनवत."

साहेब म्हणाला, "मग तेच काढा की कागदावर."

काढण्यासारखं आहे काय त्यात? टाकीत तळाला पाणी, वर जाळी, जाळीवर गवत दाबून भरायचं, झाकण ठोकायचं, खाली आच. वाफ गवतातून वर चढते, तेल घेऊन नळीत शिरते, नळी गार पाण्याच्या हौदातून फिरते आणि पलीकडच्या टोकाला धार पडते. भांड्यात तेल वर, पाणी खाली. तेल साबणवाल्यांना जातं. संपलं.

आच हे सांभाळतात. हौद, बादल्या, भांडी जाऊ सांभाळते. दीर परगावी नोकरीला, म्हणून ती आमच्यातच. आणि धार माझी. लवकर थांबलं तर तेल गवतात राहतं. उशीर झाला तर पाणी आटतं, खालचं गवत लागतं आणि सगळा ड्रम जळका होतो. मी धारेशी उभी राहते, नाकाने ओळखते, "आच ओढा" म्हणते. हे आच ओढतात, म्हणजे जळती लाकडं बाहेर. सासूबाईंनी मरताना मला दागिने दिले नाहीत, धारेची जागा दिली. तिथून मला कोणी हलवून दाखवावं.

९ जानेवारी

आराखडा काढणारी आली. पोरसवदा, मोठा चष्मा, खांद्याला कागदांची नळी. मला वाटलं मशीनची चित्रं आणली असतील.

"कोणतं मशीन घ्यायचं ते सांगा आणि मोकळं करा," मी म्हटलं.

"मशीन अजून लांब आहे, काकू. आधी नुसतं काय बनवायचं, कशातून, आणि उरलेलं कुठे जाणार, एवढंच."

"मी तुमची काकू नाही."

"बरं. मग काय म्हणू?"

"काकूच म्हणा," म्हटलं.

तिने कोऱ्या कागदावर एक चौकोन काढला. यात काय जातं? गवत. आणखी? पाणी. आच. बाहेर काय येतं? तेल.

"बस?"

"मग काय हत्ती यायला हवा?"

"काकू, आत जातं तितकं सगळं बाहेर यायला हवं. कुठून ना कुठून. गवत गेलं कुठे?"

मी मागच्या ढिगाकडे बोट दाखवलं. उकडलेलं गवत तिथे कुजत पडतं. हौदातलं ऊन पाणी गटारात जातं. तेलाखालचं पाणीही गटारात. धूर गॅलऱ्यांत. तिने सगळ्याला बाण काढले. बघते तर चौकोनातून बाहेर पडणाऱ्या बाणांत तेलाचा बाण सगळ्यांत बारका. मला जरा लाज वाटली, पण तिला दाखवली नाही.

मग तिने विचारलं, "थांबायचं कधी, हे कोण सांगतं?"

"माझं नाक."

ती हसली नाही. एक गोल काढला, त्यात "नाक" लिहिलं आणि तिथून आचेपर्यंत तुटक तुटक रेघ ओढली.

"हिला काय झालं? पेन संपलं?"

"भरीव रेघेतून माल जातो. तुटक रेघेतून फक्त सांगणं जातं. कोण कोणाला काय सांगतं ते."

ही गोष्ट मला आवडली. जन्मात माझं नाक कागदावर चढलं नव्हतं. मी हिचं नाव चौकोनवाली ठेवलंय.

१४ जानेवारी

चहा पुन्हा पांचट. यांना म्हटलं, दुकान बदला, भुसा विकतोय तो. हे उठले आणि आलं ठेचून घातलं. तरी तेच, नुसतं तिखट गरम पाणी. पावसाळ्यात घरादाराला तो ताप येऊन गेला, तेव्हापासून बाजारात काही धड मिळतच नाही.

जाऊबद्दलही लिहून ठेवते. ही बया आजकाल बादल्या आपटते. पूर्वी तिच्या हातून वाटी खाली ठेवल्याचा आवाज यायचा नाही, गोगलगाय म्हणायचे मी तिला. आता दर टाकीला, मी आच ओढायला सांगायच्या बेतात असले की धाडकन बादली हौदावर. आज ओरडले, "हात मोडलेत का?" तर म्हणे, "निसटली, ताई."

रोज निसटते.

२१ जानेवारी

चौकोनवाली तीन कागद घेऊन आली. एकात एकच मोठी टाकी. दुसऱ्यात दोन मध्यम, एक चालू असताना दुसरी भरायची. तिसऱ्यात पट्टा, गवत एकीकडून सतत आत, दुसरीकडून बाहेर, मध्ये कुठे थांबणं नाही. तिला तिसरा आवडला होता, डोळे बघूनच कळत होतं.

मी म्हटलं, "गवतवाले सकाळी कापून दुपारी आणतात, पावसात आणतच नाहीत. हा पट्टा काय हवा खाणार?"

ती विचारात पडली. मग भांडली. मग मी भांडले. मोठी टाकी तिनेच खोडली, कारण ती बिघडली की सगळंच बंद. पट्टा मी खोडायला लावला. उरल्या दोन टाक्या. पण आच टाकीखाली नको, वेगळा बॉयलर आणि नळीने वाफ, यावर ती हटली नाही. वाफेच्या नळीला कॉक, तो फिरवला की थांबलं. आणि बॉयलरमध्ये जाळायचं काय, तर तेच उकडलेलं गवत, वाळवून. मागच्या ढिगाचा बाण तिने वळवून परत आत नेला. हे मला इतक्या वर्षांत सुचलं नाही याचा राग आला, पण सुचलं तिला हे खरं.

"खोडायचं ते आत्ता खोडू या, काकू. कागद खोडायला रबर लागतं, भिंत पाडायला घण."

"ते ठीक. माझी जागा कुठे?"

धारेशी तिने एक यंत्र काढलं होतं. थेंब टाकायचा, आकडा बघायचा. मी विचारलं, याला सर्दी झाली तर? ती म्हणाली, यंत्राला सर्दी होत नाही. मी म्हटलं, म्हणूनच ते नको. सर्दी ज्याला होते त्यालाच वास येतो.

यावर हे आचेशी बसल्या बसल्या खोकले. धुराने असेल.

२ फेब्रुवारी

नव्या जागेवर गेलो. सपाट माळ, काटेरी झुडपं आणि वारा. चौकोनवालीने खुंट्या ठोकल्या, हे आणि जाऊ दोरी धरून, आणि मग चुन्याच्या रेघा. इथे गवत उतरेल, इथे टाक्या, इथे बॉयलर, म्हणजे धूर वस्तीकडे जाणार नाही.

मी सरळ टाक्यांकडे निघाले तर ओरडली, "काकू, भिंतीतून चाललात!"

"मग दार कुठेय?"

"तिकडून वळसा."

वळसा घालून आले. वेड्यासारखी हवेतल्या दारातून आत गेले आणि खरं सांगते, आत गेल्यासारखं वाटलं. धारेच्या खोलीत उभी राहिले. तिथे तिने दोन स्टुलांची खूण केली होती.

"दुसरं कोणाचं?"

"धारेशी दोघं असलेली बरी."

"एक पुसा."

तिने जाऊकडे पाहिलं. जाऊने जमिनीकडे. मी पायानेच पुसलं.

८ फेब्रुवारी

जाऊ आठवड्यासाठी माहेरी गेली, तिची आई पडली. शांतता आहे. बादली नाही, कटकट नाही. हौदावर हेच दोन्हीकडे धावतात. आच ओढायला मी जरा सैल सोडते आहे, घाई कशाला? तेल जास्त निघतंय. गोगलगायीशिवायही कारखाना चालतो, हे चौकोनवालीला दाखवायला हवं होतं.

१७ फेब्रुवारी

व्यापाऱ्याने ड्रम परत पाठवले. टेम्पोतून उतरवून दारात ठेवले, सगळ्या गल्लीदेखत. मागच्या आठवड्याचे. म्हणे जळका वास.

मी झाकण उघडून नाक खाली घातलं. काही नाही! स्वच्छ. फोन लावून त्याला धुतला. "भाव पाडायचाय तर तोंडाने सांगा, माझ्या मालाला नावं ठेवू नका." तो म्हणाला, "ताई, माझ्या पोरानेही नाक दाबलं." मी म्हटलं, तुमच्या पोराचं नाक तपासा.

कालच परतलेल्या जाऊला बोलावलं, "बघ गं, आहे का जळका?" ती ड्रमपाशी आली आणि हात नाकाकडे गेला. मग खाली घेतला. म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, ताई."

बघा. हीसुद्धा मान्य करते.

पण व्यापारी एवढ्यावर थांबला नाही. नव्या कारखान्याचा माल तो घेईल असं त्याने लिहून दिल्याशिवाय कार्यालय जागेचा कागद करणार नाही. आणि तो म्हणतो, माल एकसारखा निघणार असेल तरच लिहून देतो. म्हणजे तो नाही म्हणाला तर माळावरचा चुना पावसात वाहून जाणार, आणि इथे कुलूप.

१९ फेब्रुवारी

दूध लागलं. मी ओट्याला टेकून आराखडा बघत होते. शेजारीण धावत आली, "अहो, घर पेटलंय की काय?" पातेलं काळं ठिक्कर. माझं लक्ष कागदात होतं, झालं. दूध काय कोणाचं लागत नाही?

हे पातेलं घासत बसले. बाईमाणसाने घासायचं ते हे घासतायत, आणि एक अक्षर बोलत नाहीत. त्यापेक्षा भांडले असते तर बरं.

२४ फेब्रुवारी

चौकोनवाली सकाळपासून भट्टीवर येऊन बसली. एक टाकी पूर्ण बघायची होती म्हणे, भरण्यापासून उपसण्यापर्यंत. मांडीवर कागद, मध्येच रेघ, मध्येच रबर. जाऊ नेहमीसारखी बादली आपटून मोकळी झाली, मी नेहमीसारखी ओरडले, यांनी आच ओढली, तेल उत्तम.

मग तिने कागद माझ्यापुढे ठेवला. माझा गोल होता. पण तुटक रेघ तिथून निघत नव्हती. हौदापाशी दुसरा गोल, त्यात "बादली". तिथून रेघ माझ्या गोलात, आणि माझ्या गोलातून पुढे आचेला.

"हे काय?"

"जे दिसलं ते काढलं, काकू."

"काय दिसलं?"

"बादली वाजते, मग तुम्ही बोलता. आधी वाजते."

मला काय झालं सांगता येत नाही. कागद तिच्या हातातून ओढला आणि रबराने ती रेघ खसाखसा पुसली, कागद फाटेपर्यंत. म्हटलं, "चार बुकं शिकलात म्हणून माझ्या धारेत बादल्या घालू नका. परवा व्यापाऱ्याला बोलावते. जाऊ घरी राहील. मी, आच आणि धार. मग काढा तुमच्या रेघा."

हे म्हणाले, "राहू दे ना."

इतक्या दिवसांत बोलले ते हे.

२६ फेब्रुवारी

व्यापारी आला. चौकोनवाली आली. जाऊला सकाळीच सांगितलं, बादली हौदाशी ठेव आणि घरात जा.

गवत छान होतं, कालचं कापलेलं, बेताचं सुकलेलं. झाकण ठोकलं, आच लागली, धार सुरू झाली. पिवळसर, चमकदार. मी उभी राहिले. आज नाक असं काही ताठ ठेवलं होतं की सासूबाई असत्या तर पाठीवर थाप मारली असती.

धार पडत राहिली. मी वाट बघत राहिले.

व्यापारी मागे सरकला. मला वाटलं वाफेने. चौकोनवालीने चष्मा काढून पुसला. हे आचेशी अर्धवट उठले, पुन्हा बसले, माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघता? मी सांगेन."

आणि त्याच वेळी मला कळलं. मी वासाची वाट बघतच नव्हते. नाक काहीच करत नव्हतं, ते नुसतं चेहऱ्यावर होतं. माझे कान काम करत होते. माझे कान हौदाकडे लागले होते. बादली कधी वाजते याकडे.

झाकणाच्या फटीतून काळा धूर आला तेव्हा यांनी न विचारता आच ओढली. व्यापारी काही न बोलता निघून गेला. बोलला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

२७ फेब्रुवारी

स्वयंपाकघरातलं सगळं उघडलं. लसूण. हिंग. फिनेल. रॉकेल. अंगाचा साबण, माझ्याच तेलाचा.

यांचा सदरा.

काही नाही.

१ मार्च

डॉक्टर म्हणाला, त्या तापाने असं होतं. परत येईल किंवा येणार नाही. एवढं सांगायला डॉक्टर कशाला लागतो?

घरी येऊन दोघांना समोर बसवलं. आधी यांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हं."

"कधीपासून?"

"माझ्या सदऱ्यावर रॉकेल सांडलं होतं आणि तू शेजारी बसून जेवलीस. तेव्हापासून."

"आणि बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर तू जेवली नसतीस."

मग जाऊला. "आणि तू? बादल्या कसल्या आपटतेस? तोंड नाही तुला?"

"मोठ्या भावजींनी सांगितलं, ताईंना कळू न देता काहीतरी कर. मला दुसरं काही सुचलं नाही."

"तोंडाने सांगायचंस."

"ऐकलं असतं तुम्ही?"

मी खोटं बोलत नाही. "नसतं," म्हटलं.

ती हसली. लग्न होऊन आली तेव्हापासून ती माझ्यासमोर हसलेली मला आठवत नाही. मला इतका राग आला की मीही हसले.

म्हणजे मी नुसता भोंगा होते. ही वाजवणार, मी बोंबलणार, आणि सगळ्या गल्लीत नाव माझं.

मग विचारलं, तुला कोणी शिकवलं? म्हणे, कोणी नाही. हौद धारेच्या शेजारीच आहे, नाक काही बंद ठेवता येत नाही. मी तिला इतकी वर्षं तिथे बादल्या धुवायला उभी केली आणि ती शिकत राहिली. मीच शिकवलं म्हणायचं तर.

रडले. लिहून ठेवते, म्हणजे नंतर नाही म्हणायला नको. पण थोडंच.

२ मार्च

सकाळी चौकोनवालीकडे गेले. तिच्या खोलीत कागदच कागद, बसायला जागा नाही. म्हटलं, "तो फाटका कागद आहे?"

होता. जपून ठेवला होता. मी पेन्सिल घेतली आणि पुसलेली रेघ पुन्हा काढली, तुटक तुटक. रेघ वाकडी आली. माझा गोल खोडला. "नाक" हा शब्द उचलून जाऊच्या गोलात लिहिला. "बादली" काढून टाकली, ती काही कारखान्यात नको.

"आणि तुम्ही, काकू?"

"मी कॉकपाशी. ती सांगेल, मी फिरवेन. कोणी म्हातारी झाली म्हणून कोपऱ्यात बसवायला मी काही मोडकं मशीन नाही."

मग भांडण. तिच्या आराखड्यात धार आणि कॉक यांच्यामध्ये भिंत. कॉकशी वाफ उडाली तर धारेशी बसलेल्याला लागू नये म्हणून. ती म्हणाली, घंटी लावू. मी म्हटलं, माझी जाऊ पावसाळ्यापासून वाजवतच आली आहे, आता नाही. ती बोलेल. ती म्हणाली, भिंत हवीच. मी म्हटलं, मग भिंतीला खिडकी. ती म्हणाली, काच. मी म्हटलं, काचेतून ओरडणं ऐकू येतं का तुम्हाला? शेवटी खिडकी, वरच्या अंगाला, जाळीची. भिंतही राहिली.

धारेशी दोन स्टुलं परत काढली. दुसरं शिकणारीसाठी. शेजारची सून नाकाने तरतरीत आहे, मागचं दूध तिच्या सासूच्या आधी तिलाच कळलं होतं म्हणे. आणि ते थेंबाचं यंत्रही राहू दे म्हटलं. पण बसायला जागा नाही त्याला, उभंच राहील.

४ मार्च

व्यापाऱ्याच्या दुकानात गेले. गिऱ्हाईकं होती, थांबले नाही.

"तुमचं खरं होतं. ड्रम जळका होता. माझं नाक गेलंय."

तो इकडेतिकडे बघायला लागला, लाज त्यालाच वाटली. "ताई, आत बसून बोलू या."

"आत कशाला? बाहेर नावं ठेवलीत, बाहेरच ऐका. नाक गेलंय, तेल गेलेलं नाही. तुम्ही पावसाळ्यापासून जो माल उत्तम म्हणून नेलात, तो माझ्या जावेच्या नाकाचा. जळका निघाला तो तिच्या माघारी माझा."

"ती? ती तर कधी बोलत नाही."

"बोलायला शिकवते आहे. पुढचा ड्रम तिचा. वास घ्या आणि मग लिहून द्यायचं का ठरवा. नको असेल तर ड्रम परत पाठवा, पण या वेळी टेम्पोने नाही. स्वतः घेऊन या आणि तिच्या तोंडावर सांगा."

बाहेर आल्यावर रसवाल्याकडे थांबले. उसाचा रस प्यायले. तोही पाणीच लागला, पण गोड होता. गोड कळतं अजून. हेही नसे थोडके.

११ मार्च

आज जाऊ धारेशी. मी आचेपाशी, यांच्या शेजारी, कारण जुन्या भट्टीला कॉक कुठे? बादली मी स्वतः घरात नेऊन कोंडली.

टाकी चढली. धार सुरू. ती उभी, हात एकमेकांत गुंतवलेले, बादलीशिवाय काय करावं कळत नसलेले.

मग तिचे ओठ हलले.

"काय?" मी ओरडले.

"ओढा," असं काहीतरी.

"ऐकू नाही आलं!"

"ताई, ओढा ना."

"कोणाला सांगतेस, मांजराला? भिंत असणार आहे मध्ये! मोठ्याने!"

"आच ओढा!" ती अशी किंचाळली की समोरच्या गॅलरीतली बाई कपडे टाकून बघायला आली. "किती वेळा सांगायचं! ओढा म्हटलं ना! जळेल की!"

यांनी आच ओढली. माझ्या सांगण्यावरून नाही, बादलीच्या आवाजावरून नाही, तिच्या तोंडच्या शब्दावरून. ती तोंडावर हात ठेवून उभी राहिली, जणू शिवी दिली कोणाला.

मी म्हटलं, "असं. रोज असं."

मी धारेपाशी गेले, तेल बोटावर घेऊन नाकाशी नेलं. सवय. काही आलं नाही. मग बोट तिच्या नाकाशी नेलं. "सांग."

"लिंबाचं पान चुरगाळल्यासारखं," ती म्हणाली. "आणि मागून थोडं गवत. ओलं नाही, उन्हातलं."

अगदी तेच. मला आठवलं ते.

२० मार्च

व्यापारी स्वतः आला नाही. फोनही नाही. टेम्पो आला. मी दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिले, म्हटलं येऊ दे परत, भांडते.

ड्रम रिकामे होते. भरून पाठवा म्हणून पाठवलेले. त्यांच्याबरोबर कार्यालयासाठीचा सहीचा कागद.

जाऊ म्हणाली, "म्हणजे हो?"

म्हटलं, "म्हणजे बोलायची तुझ्यासारखीच त्यालाही लाज."

१६ एप्रिल

माळावर पाया खणायला सुरुवात झाली. चुन्याच्या रेघांवर आता खरे खड्डे. मी मुद्दाम दारातूनच आत गेले.

गवंडी आराखडा उलटासुलटा करून बघत होता. मला हाक मारली.

"बाई, ही नळी किती खोल घालायची?"

"कोणती?"

"ही काय. तुटकी दाखवलीय. धारेच्या खोलीतून निघते, वर खिडकीतून जाते आणि कॉकपाशी येते. जमिनीखालून घेऊ की भिंतीतून? मजूर रिकामे बसलेत."

चौकोनवाली सांगायला पुढे आली. मी तिला हाताने मागे सारलं.

"तिला खणायचं नाही," मी म्हटलं. "ती नळी नाही."

"मग काय आहे?"

पलीकडे जाऊ दोरी धरून उभी होती आणि मजुराला खडसावत होती, खुंटी हलली, पुन्हा ठोका, ऐकू नाही येत का. आवाज पार रस्त्यापर्यंत जात होता.

"ती माझी जाऊ आहे," मी म्हटलं. "फक्त खिडकी मोठी ठेवा."